वडिलांच्या पेन्शनच्या फरकावर कापलेला कर परत कसा मिळवायचा : कलम ८९ आणि फॉर्म १०ई

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून ३१ मे २०१९ला निवृत्त झाले. पाच वर्षांहून जास्त काळ तात्पुरती पेन्शन मिळत राहिली. अंतिम पेन्शन मंजूर झाल्यावर नोव्हेंबर २०२४मध्ये ६,१५,००० रुपये फरक एकदम खात्यावर आला आणि त्या वर्षात एकूण ६६,०४० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला गेला. कुणीतरी सांगितलं की फरकावरचा कर परत मिळतो. म्हणून मुलाने घरीच रिटर्न भरताना ‘कलम ८९ सवलत’ या रकान्यात ६६,०४० लिहिले आणि तेवढाच रिफंड मागितला. आता आयकर खात्याचं इंटिमेशन (रिटर्न तपासून पाठवलेलं पत्र) आलंय : सवलत शून्य, रिफंड शून्य. मुलगा विचारतो, हे पैसे बुडाले का?

बुडालेले नाहीत. पण मागितले तेवढे सगळे मिळणारही नाहीत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा हिशेब असा निघतो की ५२,३१२ रुपये वडिलांना परत मिळायला हवेत आणि १३,७२८ रुपये कर म्हणून जातील. हे दोन आकडे कुठून आले ते आधी समजून घ्या. ते न समजता पुन्हा फॉर्म भरायला बसलात तर दुसऱ्यांदा चूक होईल, आणि दुसऱ्या वेळची चूक निस्तरायला जास्त वेळ लागतो.

मी सांगली जिल्ह्यात सव्वीस वर्षं करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक शिक्षक, शाळेतले लिपिक-शिपाई आणि पेन्शनर. फरकाचं बिल हातात घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखता येतो. वर्षानुवर्षं खेटे घालून मिळालेला पैसा, आणि त्यातला मोठा तुकडा कराने नेलेला. म्हणूनच या विषयावर मी नेहमी जरा सविस्तर बोलतो.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. पगार किंवा पेन्शन उशिरा मिळाली तर ती ज्या वर्षी हातात पडते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. पाच वर्षांचा पैसा एका वर्षात आला की माणूस वरच्या टप्प्यात जातो आणि एरवी लागला नसता असा कर लागतो. यात त्याचा दोष काहीच नाही, उशीर झाला तो देणाऱ्याकडून. म्हणून आयकर कायद्याचं कलम ८९ आणि नियम २१ए सांगतात की हाच पैसा ज्या त्या वर्षी वेळेवर मिळाला असता तर किती कर लागला असता ते काढा. आज लागलेला जादा कर त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम करातून कमी करा. बस, एवढंच. ही वजावट नाही आणि कुणाची मेहेरबानीही नाही. वेळेवर न मिळालेल्या पैशाचा कर वेळेवर मिळाल्यासारखा मोजायचा, हा तिचा अर्थ.

यावरून तुमची पहिली चूक लक्षात येईल. ‘फरकामुळे कर लागला, म्हणून सगळा कर परत’ असा हिशेब होत नाही. मागच्या वर्षांत जाऊन प्रत्येक वर्षाचा कर वेगळा काढावा लागतो.

आता तुमचं फरकाचं बिल समोर ठेवा. एकूण ६,१५,०००. यातले ७५,००० रुपये एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ या सात महिन्यांचे आहेत. हे सात महिने आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्येच येतात आणि पैसेही त्याच वर्षी मिळाले. म्हणजे ती थकबाकी नव्हे, याच वर्षाचं नेहमीचं उत्पन्न. फॉर्ममध्ये थकबाकी म्हणून दाखवायची रक्कम ५,४०,०००च. बिलाची तळातली बेरीज उचलून फॉर्ममध्ये टाकणारे खूप जण मी पाहिलेत. बिल महिनावार असतं, तेव्हा पट्टी आणि पेन्सिल घेऊन दर ३१ मार्चच्या खाली रेघ मारा. दोन रेघांमधली बेरीज म्हणजे त्या वर्षाची थकबाकी.

तुमच्या बिलावर तशा रेघा मारल्या की थकबाकी अशी पडते. २०१९-२०चे दहा महिने ८०,०००, २०२०-२१चे १,००,०००, २०२१-२२चे १,१०,०००, २०२२-२३चे १,२०,००० आणि २०२३-२४चे १,३०,०००. बेरीज ५,४०,०००.

आता प्रत्येक वर्षाच्या जुन्या रिटर्नमधलं करपात्र उत्पन्न घ्यायचं, म्हणजे सगळ्या वजावटी जाऊन उरलेलं. तुम्ही पाठवलेल्या पावत्यांप्रमाणे पाचही वर्षं वडिलांचा कर जुन्या करप्रणालीने काढलेला होता. मग हिशेब असा :

२०१९-२० : उत्पन्न ३,४०,०००, थकबाकी धरून ४,२०,०००. दोन्ही वेळा कर शून्य.
२०२०-२१ : उत्पन्न २,९५,०००, थकबाकी धरून ३,९५,०००. कर शून्य.
२०२१-२२ : उत्पन्न ३,१०,०००, थकबाकी धरून ४,२०,०००. कर शून्य.
२०२२-२३ : उत्पन्न ३,४५,०००, थकबाकी धरून ४,६५,०००. कर शून्य.
२०२३-२४ : उत्पन्न ३,८६,०००, थकबाकी धरून ५,१६,०००. आधी कर शून्य, आता १३,७२८.

पहिली चार वर्षं कर शून्य येतो तो कलम ८७एच्या सूटीमुळे. जुन्या प्रणालीत २०१९-२० पासून करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १२,५०० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. पाचव्या वर्षी मात्र थकबाकीने उत्पन्न पाच लाखांच्या वर १६,०००ने नेलं आणि ती सूट संपूर्ण गेली. ज्येष्ठ नागरिक म्हणून पहिले तीन लाख करमुक्त, पुढच्या दोन लाखांवर पाच टक्क्यांनी १०,०००, वरच्या १६,०००वर वीस टक्क्यांनी ३,२००, मिळून १३,२००. त्यावर चार टक्के उपकर ५२८. झाले १३,७२८. जुन्या प्रणालीत या कडेवर कसलाही उतार ठेवलेला नाही. पाच लाखांवर एक रुपया गेला तरी सूट गेली. मला हे कठोर वाटतं, पण नियम तसा आहे. त्या वर्षी वडिलांनी नवी प्रणाली घेतली असती, जिथे ही सूट सात लाखांपर्यंत होती, तर थकबाकी धरूनही उत्पन्न सात लाखांच्या आत राहिलं असतं आणि हे १३,७२८ही वाचले असते. आता ते होणार नाही. मागच्या ज्या वर्षाचं रिटर्न ज्या प्रणालीने भरलं, त्या वर्षाचा कर त्याच प्रणालीने काढायचा.

आता पैसे मिळाले ते वर्ष, २०२४-२५. नव्या प्रणालीत पेन्शन ५,६५,००० (यात ते ७५,००० आले), बँकेतल्या ठेवींचं व्याज ६०,०००, प्रमाणित वजावट (पगार-पेन्शनमधून सरसकट मिळणारी) ७५,०००. थकबाकी सोडून करपात्र उत्पन्न ५,५०,०००, सात लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. थकबाकी धरून १०,९०,०००. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, सात ते दहा लाखांवर दहा टक्क्यांनी ३०,०००, वरच्या ९०,०००वर पंधरा टक्क्यांनी १३,५००. एकूण ६३,५००, उपकर २,५४०, झाले ६६,०४०. टीडीएस कापणाऱ्याने हिशेब बरोबर केला होता, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

थकबाकीमुळे या वर्षी वाढलेला कर ६६,०४०. मागच्या वर्षांत वाढला असता तो १३,७२८. वजाबाकी ५२,३१२. हीच तुमची कलम ८९ची सवलत.

इथे एक मोह होतो, त्याबद्दल सांगतो. जुन्या प्रणालीने हेच काढून पाहिलं तर सवलत १,०५,३५२ येते, जवळजवळ दुप्पट. गेल्याच महिन्यात एक गृहस्थ असाच आकडा घेऊन आले आणि म्हणाले, आम्हाला मोठी सवलत हवी. पण जुन्या प्रणालीत तुमच्या वडिलांचा मूळ करच १,३४,६८० होतो. त्यातून सवलत वजा केली तरी २९,३२८ भरावे लागतात. नव्या प्रणालीत सवलत लहान, पण शेवटी भरायचे फक्त १३,७२८. दोन्ही प्रणालींत हिशेब तळापर्यंत नेऊन शेवटी खिशातून किती जातात ते बघा.

आता सवलत शून्य का झाली ते. इंटिमेशनची पीडीएफ उघडा. तिचा पासवर्ड म्हणजे वडिलांचा पॅन इंग्रजी लहान अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ आकडे. आत प्रत्येक ओळीला दोन रकाने दिसतील. डावीकडे तुम्ही भरलेला आकडा, उजवीकडे खात्याने मोजलेला. कलम ८९च्या ओळीत डावीकडे ६६,०४० आणि उजवीकडे शून्य असेल. बाकी सगळ्या ओळींत दोन्ही बाजू जुळत असतील तर खात्याची तक्रार एकच आहे : फॉर्म १०ई आलेला नाही.

फॉर्म १०ई हे वर्षावार हिशेबाचं निवेदन. आर्थिक वर्ष २०१४-१५ पासून सवलत हवी असेल तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरणं बंधनकारक आहे. रिटर्नमध्ये तुम्ही फक्त शेवटचा आकडा लिहिता, तो कसा आला हे या फॉर्मवरून कळतं. फॉर्म नसला की संगणक आकडा पुसतो आणि पुढे जातो. रिटर्नच्या फॉर्ममध्ये त्या ओळीशेजारी तशी सूचना आहे, पण घाईत ती वाचली जात नाही. खरं तर सवलतीचा आकडा लिहिताच पोर्टलने ‘आधी १०ई भरा’ म्हणून माणसाला अडवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. दरवर्षी किती म्हाताऱ्या माणसांचे पैसे या एका पायरीवर अडकतात ते मी डोळ्यांनी बघतो.

तर क्रम असा ठेवा. आधी १०ई, मग रिटर्न.

पोर्टलवर वडिलांच्या पॅनने लॉगिन करा. ‘ई-फाइल’मध्ये ‘इन्कम टॅक्स फॉर्म्स’, तिथे ‘फाइल इन्कम टॅक्स फॉर्म्स’. समोर येणाऱ्या फॉर्मांमध्ये धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांच्या भागात १०ई सापडेल. आता तो असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं, कर ठरवण्याचं वर्ष) विचारेल. इथे थांबा. ज्या वर्षांची थकबाकी आहे ती वर्षं इथे द्यायची नाहीत. पैसे ज्या वर्षी मिळाले त्याचं असेसमेंट इयर द्यायचं. पैसे २०२४-२५मध्ये मिळाले, म्हणून असेसमेंट इयर २०२५-२६, आणि फॉर्म एकच. वर्षाला एक असे पाच फॉर्म भरायचे नाहीत.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. फॉर्म ऑनलाइन झाला त्या सुरुवातीच्या काळात शाळेतल्या एका निवृत्त शिपायाचा १०ई मी आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयर यांची गल्लत करून एक वर्ष मागचा भरला. फॉर्म स्वीकारला गेला, पोचही मिळाली, आणि सवलत मात्र शून्य झाली. दुरुस्ती होऊन पैसे यायला जवळजवळ वर्ष गेलं. ते गृहस्थ दर महिन्याला पेन्शन काढायला तालुक्याला आले की माझ्याकडे डोकावून जायचे आणि न बोलता खुर्चीवर बसायचे. तेव्हापासून असेसमेंट इयरच्या रकान्यापाशी मी नेहमी एकदा हात थांबवतो.

पुढे फॉर्म तुम्हाला कशासाठी सवलत हवी ते विचारतो. ग्रॅच्युइटी, नोकरी संपवताना मिळालेली भरपाई, पेन्शनचं अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) यांची वेगळी परिशिष्टं आहेत. तुम्ही थकबाकीचं परिशिष्ट १ निवडा. त्यात वर या वर्षाचे आकडे : थकबाकी सोडून करपात्र उत्पन्न ५,५०,०००, थकबाकी ५,४०,०००. खाली तक्ता अ, त्यात वर दिलेली पाच वर्षं ओळीने. प्रत्येक ओळीत करपात्र उत्पन्न, थकबाकी, दोन्हींची बेरीज, मूळ उत्पन्नावरचा कर, बेरजेवरचा कर आणि फरक. पहिल्या रकान्यात वर्षभराची सगळी पेन्शन टाकू नका. वजावटी गेल्यानंतरचं, त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये छापलेलं एकूण उत्पन्नच हवं. जुनी रिटर्नं सापडत नसतील तर पोर्टलवरच ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मध्ये ती मिळतात.

कर काढताना त्या त्या वर्षाचे दर वापरायचे. फॉर्म सेव्ह करून पूर्वदृश्य बघा, ५२,३१२ दिसले पाहिजेत. मग आधार ओटीपीने पडताळणी करा. पडताळणी राहिली तर फॉर्म भरलाच नाही असं धरलं जातं, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही कारण फॉर्म यादीत दिसत असतो. वडिलांचा आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हे बसण्याआधीच तपासा. फॉर्म, बिल किंवा पेन्शनचे कागद कुठेही जोडायचे नसतात, पण ते जपून ठेवायचे. पुढे विचारणा झालीच तर फरकाचं बिल आणि अंतिम पेन्शनचा मंजुरी आदेश हेच तुमचे पुरावे.

आता रिटर्न. इथे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, कलम १५४खाली, पोर्टलवर ‘रेक्टिफिकेशन’ नावाने. रिटर्नमधला आकडा बरोबर असता आणि नुसता १०ई राहिला असता तर मी हाच सांगितला असता : १०ई भरा आणि रिटर्न पुन्हा तपासण्याची विनंती करा. तुमच्या बाबतीत मात्र आकडाच चुकलाय, ६६,०४०च्या जागी ५२,३१२ हवेत. म्हणून दुसरा रस्ता बरा, सुधारित रिटर्न, कलम १३९(५)खाली. या असेसमेंट इयरसाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही. इंटिमेशन आलंय म्हणून सुधारित रिटर्न भरता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख त्यात विचारतात, ती हाताशी ठेवा. बाकी सगळं मूळ रिटर्नसारखंच भरा, फक्त कलम ८९च्या ओळीत १०ईमधला आकडा टाका, एका रुपयाचाही फरक नको. रिफंडचं बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेलं असू द्या आणि रिटर्नची पडताळणी तीस दिवसांच्या आत, खरं तर त्याच दिवशी, करून टाका.

ही तारीख उलटली असेल तर घाबरू नका. दुरुस्तीच्या अर्जाला ज्या आर्थिक वर्षात इंटिमेशनचा आदेश निघाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षं मुदत आहे. तिथे रिटर्नमधला आकडा दुरुस्त करायचा पर्यायही असतो. तोही नाकारला गेला तर कलम २६४खाली आयुक्तांकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो, त्याची फी ५०० रुपये. मात्र ‘अपडेटेड रिटर्न’ (आयटीआर-यू) नावाचा जो पर्याय हल्ली सगळीकडे ऐकू येतो, तो इथे उपयोगाचा नाही. रिफंड मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी तो भरताच येत नाही.

तुमचं काम इथे संपलं. पण हा प्रश्न वाचणाऱ्यांत फरक मिळालेले दुसरेही असतील, म्हणून थोडं आणखी.

सातव्या वेतन आयोगाचा फरक मिळालेल्यांचा हिशेब वेगळ्या जागी चुकतो. राज्यात सुधारित वेतन १ जानेवारी २०१६पासून लागू आणि प्रत्यक्षात जानेवारी २०१९पासून हातात आलं. मधल्या छत्तीस महिन्यांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं, आणि त्या हप्त्यांना पुढे बरीच वर्षं लागली. छत्तीस महिने म्हणजे तीन वर्षं, असं धरून लोक तीन ओळी भरतात. पण जानेवारी ते मार्च २०१६ हे तीन महिने आर्थिक वर्ष २०१५-१६चे. म्हणजे ओळी चार : २०१५-१६चे तीन महिने, २०१६-१७ आणि २०१७-१८ पूर्ण, आणि २०१८-१९चे नऊ महिने. मिळालेला हप्ता या चार वर्षांत थकबाकीच्या प्रमाणात वाटायचा आणि ज्या ज्या वर्षी हप्ता मिळाला त्या त्या वर्षी नवा १०ई भरायचा. दरही प्रत्येक वर्षाचे निराळे. अडीच ते पाच लाखांवर २०१६-१७पर्यंत दहा टक्के होते, २०१७-१८पासून पाच झाले. उपकर २०१७-१८पर्यंत तीन टक्के, पुढे चार. २०१७-१८ आणि २०१८-१९ला ८७एची सूट फक्त साडेतीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आणि २,५०० रुपयांपुरतीच होती. आजचे दर मागे लावलेत तर आकडा चुकलाच. आणखी एक, हप्ता हातात न येता भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा झाला तरी तो उत्पन्नातच धरायचा असतो. ‘पैसे मिळालेच नाहीत’ म्हणून तो सोडून देणाऱ्यांना नंतर नोटिसा आल्याचं मी पाहिलंय.

नोकरीत असलेल्यांसाठी : तुमचे आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयातून पगार काढून देणारे) कलम १९२(२ए)प्रमाणे पगारातून कर कापतानाच ही सवलत देऊ शकतात. अनेक ठिकाणी लिपिक मंडळी हे काळजीने करतातही, आणि फॉर्म १६मध्ये (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) सवलतीचा आकडा छापून येतो. तो बघून माणूस निर्धास्त होतो. पण कार्यालयात कागदावर दिलेला १०ई पोर्टलवर पोचत नाही. ऑनलाइन फॉर्म तुम्हालाच भरावा लागतो. नाही भरलात तर कार्यालयाने कमी कापलेला कर खातं तुमच्याकडून व्याजासह मागतं. रिफंड अडकण्यापेक्षा हे जास्त जिवाला लागतं, कारण पैसे तोवर खर्च झालेले असतात.

आणि कधीकधी सवलत खरोखरच शून्य येते, तेही ऐकून ठेवा. एका शिक्षिकेला वरिष्ठ वेतनश्रेणीचा ३,६०,००० रुपये फरक २०२४-२५मध्ये मिळाला. नव्या प्रणालीत त्यांचा कर त्यामुळे ४७,८४० ने वाढला. मागच्या तीन वर्षांत तोच पैसा टाकून पाहिला तर दोन वर्षांची ८७एची सूट जात होती आणि एका वर्षी वीस टक्क्यांचा दर लागत होता. वाढीव कर ८४,७६० येत होता. म्हणजे उशिरा मिळाल्याने त्यांचं नुकसान नव्हे, करापुरता फायदाच झाला होता. अशा वेळी सवलत मिळत नाही, पण वरचा फरक कुणी मागतही नाही. त्या बाई सुरुवातीला नाराज झाल्या. मी चारही वर्षांचा कागद त्यांच्यासमोर मांडून बेरीज त्यांनाच करायला सांगितली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. कुणी एजंट फरकाच्या ठरावीक टक्क्यांनी सवलत काढून देतो म्हणाला तर त्याच्याकडे हा चार वर्षांचा कागद मागा.

२०२५-२६ मध्ये फरक मिळणाऱ्यांनी तर हा हिशेब करायलाच हवा. नव्या प्रणालीत आता बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूटीमुळे कर शून्य आहे. समजा थकबाकी सोडून करपात्र उत्पन्न ११,५०,०००, कर शून्य. त्यात अडीच लाख फरक आला की उत्पन्न १४,००,००० आणि कर उपकरासह ९३,६००. अडीच लाखांतले ९३,६००! अशा माणसाने १०ई न भरणं म्हणजे हक्काचे पैसे तसेच सोडून देणं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असला तरी ३१ मार्च २०२६पर्यंत मिळालेल्या पैशाला जुनाच कायदा आणि हेच कलम ८९ लागू राहतं.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीलाही ही सवलत मिळते, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. पतीमागे पेन्शन सुरू व्हायला वर्षं लागलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो की फरक किती आणि कोणत्या तारखेला मिळाला. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर कलम १०(१०सी)ची करमाफी घेतली असेल तर मात्र त्याच रकमेवर कलम ८९ पुन्हा लावता येत नाही.

तुम्ही या शनिवार-रविवारी बसा. वडिलांना शेजारी बसवा, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार आहे, आणि बिलावर रेघा मारायला त्यांच्याइतकं नेटकं कुणी नसेल, आयुष्यभर हजेरीपत्रकं भरलीत त्यांनी. १०ई आणि सुधारित रिटर्न दोन्हींच्या पोचपावत्या छापून बिलाला टाचून ठेवा. नवं इंटिमेशन आलं की तीच ओळ काढा आणि उजवा रकाना बघा. तिथे ५२,३१२ असतील तर पुढे काही करायचं नाही. वेगळा आकडा असेल तर तो कागद मला पाठवा, मी बघतो.